भावकू कंडक्टरची बस सोडायची का?

हळदोळीच्या साहित्य संमेलनाला येणाऱ्यांपैकी निम्मी माणसं जेवायला येतात, पाव भाग जेवायला आलेल्यांना शोधायला येतात आणि उरलेले कवी असतात. हे कुणी बोलून दाखवत नाही, पण आमटीचं पातेलं किती मोठं ठेवायचं हे ठरवताना सगळ्यांच्या डोक्यात हाच अंदाज असतो. बेळगाव तालुक्यात संमेलनाचं गाव म्हटलं की लोक आधी कडोलीचं नाव घेतात. त्यामुळं हळदोळीच्या कार्यकारिणीत साहित्यापेक्षा कडोलीवरच जास्त चर्चा होते. त्यांचा मांडव केवढा, त्यांच्याकडं पाहुणे कोण, त्यांच्या माइकला खरखर का नाही. ही उजळणी आटपली की बैठक दर वर्षी एकाच जागी येऊन अडते, आणि ती जागा म्हणजे भावकू कंडक्टरची कविता.

भावकू हे गावच्या वाचनालयातल्या मनिषाचे वडील. बेळगाव–निपाणी रस्त्याच्या लाल गाडीवर त्यांनी एकोणतीस वर्षं तिकिटं फाडली आणि त्याच रस्त्यावर एक कविता केली. ‘बत्तीस स्टॉप’. नावात सांगितल्याप्रमाणं तिच्यात बत्तीस स्टॉप आहेत. बेळगावच्या स्टँडवरनं गाडी सुटते आणि निपाणीत पोचेपर्यंत भावकू कुणालाच खाली उतरू देत नाहीत.

*काकती आली, काकती गेली, होनग्याला चढली म्हातारी,*
*सुट्टं मागता हत्तरगीला तिनं काढली सुपारी.*

असं अकरा मिनिटं. तवंदीच्या घाटात कविता दमते, आवाज खाली येतो, लोकांना वाटतं संपली. पण ती दुसरा गिअर टाकून पुन्हा चढते. बावीस वर्षं हे चाललेलं. मनिषा आठ वर्षांची होती तेव्हा शाळेतल्या पोरांनी कंडक्टरच्या घंटीवरनं तिचं नाव ‘टिंगटिंग’ ठेवलं होतं, आणि सत्ताविसाव्या वर्षीसुद्धा आप्पा माइकसमोर उभे राहून घसा खाकरले की तिला मांडवातनं उठून आमटी ढवळायला जावंसं वाटायचं. ती एकदा गेलीही होती. आमटीपाशी भोंगा जास्त जवळ होता.

यंदा अडचण वाढली, कारण संमेलनाचे अध्यक्ष पुण्याचे एक समीक्षक होते आणि ते शुगरच्या गोळ्या घेत असल्यामुळं त्यांना बरोबर एक वाजता जेवायला लागायचं. भावकूंची गाडी साधारण एकला पाच कमी असताना बेळगाव सोडत असे.

"त्यांना सांगायला पाहिजे," कार्यकारिणीचे अध्यक्ष मारुतीराव म्हणाले. मारुतीराव निवृत्त मुख्याध्यापक. अजूनही बैठकीत कुणी कुजबुजलं की खडू फेकावा तसा हात वर जातो.

"सांगायला पाहिजे," सगळे म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

कारण म्हाताऱ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची इथं पद्धत नाही. नाही म्हणायचं असलं की ‘बघूया’ म्हणायचं, आणि मग महिनाभर त्यांच्या दारावरून न जाता मागच्या गल्लीनं जायचं. बावीस वर्षं सगळे ‘बघूया’ म्हणत होते आणि मागची गल्ली रहदारीनं रुंद झाली होती.

"पोल घ्या की," अतुल म्हणाला. अतुल मूळचा सदलग्याचा, जैनांच्या घरातला. गावात त्याचं ऑनलाइन सेवा केंद्र आणि झेरॉक्स. कार्यकारिणीत तो एकटाच चाळिशीच्या आतला, म्हणून त्याला चिटणीस केलेलं. "दर शुक्रवारी आपली ‘हळदोळी वार्ता’ ई-मेलनं जात्या. त्यात पोल असतोयच. पब्लिकला विचारूया. पब्लिक नको म्हटलं तर आपण काय करणार?"

खोलीतल्या सात माणसांच्या छातीवरचा दगड एकदम उतरला. पब्लिक! पब्लिकला घर नसतं, दार नसतं, पब्लिकला भावकू सकाळी डेअरीत भेटत नाहीत.

मग सगळ्यांनी मनिषाकडं पाहिलं. ती कोपऱ्यात इतिवृत्त लिहीत होती. वाचनालयाची ग्रंथपाल तीच, वार्ता लिहिणारी तीच, पोल काढणारी तीच. ती भावकूंची मुलगी आहे हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्या क्षणी सगळे विसरले.

"लिहून घे," मारुतीराव म्हणाले. "‘संमेलनाचा दर्जा उंचावण्यासाठी काही पारंपरिक कार्यक्रमांना विश्रांती देण्यात यावी, असे आपणांस वाटते काय?’ पर्याय एक, होय. पर्याय दोन, होय, परंतु आदरपूर्वक."

"सर, ‘नाही’ कुठं हाय?" मनिषा म्हणाली.

"ते कशाला?" मारुतीरावांनी विचारलं. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. "आणि दोनच पर्याय ठेवू नकोस. आपल्या भागात दोन पर्याय दिसले की माणूस डायरेक्ट दोन राज्यांवर जातो. तिसरा काहीतरी घाल मध्ये."

पोलचा प्रश्न लिहिणं हे काम मनिषा दोन वर्षं करत होती, आणि पहिले सहा महिने तिनंही मारुतीरावांसारखंच केलं होतं. तिचा पहिला प्रश्न होता, ‘वाचनालयाच्या वेळेबाबत आपण समाधानी आहात काय?’ अकराशे चाळीस पत्त्यांवर मेल गेली आणि चार उत्तरं आली. त्यातलं एक तिचं स्वतःचं आणि एक अतुलचं, लिंक चालते का बघायला. पुण्यात, गोव्यात, बंगळूरात, दुबईत पसरलेल्या हळदोळीकरांना वाचनालयाच्या वेळेशी काय देणंघेणं? गावात होते तेव्हाही नव्हतं.

मग एका शुक्रवारी वैतागून तिनं विचारलं, ‘लग्नाच्या पंगतीत दुसऱ्यांदा भात नको म्हणणारा माणूस शेवटी काय करतो? अ) खरंच उठतो. ब) वाढपी पुढं गेल्यावर हाक मारतो. क) शेजारच्याच्या पानात बघत बसतो. ड) तुमचा अनुभव लिहा.’ दोनशे त्रेसष्ट उत्तरं. ‘ड’मध्ये दोन सख्ख्या भावांनी एकमेकांची नावं घालून लिहिलं, आणि पुढच्या दिवाळीत ते वेगवेगळ्या गाड्यांनी गावाला आले.

तेव्हापासून मनिषाला सूर सापडला. लोकांना ‘आपणांस’ म्हटलं की ते पळतात. त्यांना विचार करायला लावायचा नाही. ज्यावरनं त्यांच्या घरात आधीच भांडण झालंय तेवढंच विचारायचं. एक पर्याय असा ठेवायचा की वाचणाऱ्याला हसू यावं आणि तो निवडायची लाजही वाटावी. आणि शेवटी रिकामी चौकट ठेवायचीच ठेवायची. दुसऱ्यानं काढून दिलेल्या पर्यायांत आपलं मत बसतं हे कबूल करायला हळदोळीचा माणूस जन्मात तयार होत नाही.

बुधवारी दुपारी ती वाचनालयात कॉम्प्युटरसमोर बसली. काय करायचं ते तिनं ठरवून टाकलं होतं. ती प्रश्न बिघडवणार होती. आप्पांच्या बाजूनं. कविता तिला सहन होत नव्हती ही गोष्ट वेगळी. पण निवृत्त झाल्यापासून आप्पांना कुणी काही विचारत नव्हतं. एकोणतीस वर्षं दिवसाला चारशे माणसांनी ‘अण्णा, कधी पोचणार?’ म्हणून विचारलेला माणूस आता म्हशीशी बोलायचा. त्या अकरा मिनिटांसाठी ते डिसेंबरपासून गरम पाणी प्यायला लागायचे. ती अकरा मिनिटं गेली तर त्यांच्याकडं उरणार काय? म्हैस.

तिनं लिहिलं: ‘आपल्या गावचे ज्येष्ठ कवी भावकू यांची लोकप्रिय कविता यंदाही ऐकायला आवडेल ना? अ) हो. ब) नक्कीच.’

वाचलं. मारुतीरावांचाच प्रश्न होता, फक्त उलटा घातलेला. या प्रश्नाला चार उत्तरं आली असती, त्यातलं एक तिचं आणि एक अतुलचं.

तिनं ते खोडलं, आणि मग तिचा हात तिचं ऐकेना. बोटांनी आपणहून लिहिलं:

‘भावकू कंडक्टरची बस यंदा संमेलनात सोडायची का?
अ) सोडा, बत्तीसच्या बत्तीस स्टॉप.
ब) एक्स्प्रेस करा, पाच स्टॉप बास.
क) डेपोत लावा.
ड) तुमचं म्हणणं लिहा.’

मनिषा खुर्चीत मागं टेकली. दोन वर्षांत असा प्रश्न तिच्या हातनं उतरला नव्हता. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. ‘डेपोत लावा’ वाचून तिला स्वतःलाच हसू फुटलं आणि मग आपण कुणाला हसलो ते लक्षात येऊन कानशिलं तापली. हा प्रश्न पाठवला तर आप्पांच्या कडेलोटाचा निर्णय अकराशे चाळीस लोकांच्या हातात. न पाठवावा, तर इतका चांगला प्रश्न वाया.

लिहिणाऱ्या माणसाची जात फार नीच असते, असं तिचं त्या दिवशी झालेलं मत नंतरही बदललं नाही. शुक्रवारी अकरा वाजता तिनं चांगला प्रश्न पाठवला.

आता वार्ता ई-मेलनं जाते हे खरं, पण गावात ई-मेल कोण उघडतंय? गावातले सगळे पत्ते अतुलनंच काढून दिलेले. रेशनसाठी, पेन्शनसाठी, आधारसाठी. ते कुठं आहेत आणि त्यांचा पासवर्ड काय, हे फक्त अतुलला माहीत. म्हणून दर शुक्रवारी अतुल वार्ता मोठ्या अक्षरांत छापून दूध डेअरीच्या भिंतीला चिकटवतो आणि लोक आपलं मत तिथंच पेनानं लिहितात. पेन सुतळीनं खिळ्याला बांधलेलं असतं. मत गुप्त असतं हे मनिषानं पहिल्यांदा समजावून सांगितलं होतं. लोकांना ते मुळीच पटलं नव्हतं. नाव न घालता मत द्यायला आम्ही काय चोर आहोत? प्रत्येक मताखाली सही, आणि काहींच्या सहीखाली घराचं नाव.

त्यामुळं शनिवारी सकाळी सहा वाजता आप्पा दुधाची किटली घेऊन डेअरीत गेले तेव्हा त्यांना आपलं भवितव्य भिंतीवर चिकटलेलं दिसलं, आणि त्याखाली रांगेतली सगळी माणसं एकदम दुधाचं फॅट किती लागलं ते बघायला लागली.

आप्पा घरी आले. किटली ठेवली. मनिषा चुलीपुढं काम असल्यासारखं करत होती.

"मनिषा, ह्यो प्रश्न तू काढलीस?"

"व्हय, आप्पा."

"एक्स्प्रेस म्हणजे काय गं?"

"लहान... म्हणजे कमी स्टॉप."

"ते मला कळतंय. एकोणतीस वर्षं साधी गाडी केली मी. एक्स्प्रेसला येगळी माणसं असत्यात, टाय लावल्यासारखी तोंडं करून. डेपोत लावा म्हणालीस तर एक वेळ चालंल. एक्स्प्रेस म्हणायचं न्हाय."

"लई लागलं काय?"

"मला काय लागायचंय? प्रश्न चांगला हाय," आप्पा म्हणाले. आणि मग, जाता जाता, न बघता, "क ला किती पडली?"

तिनं सांगितलं नाही. ‘बघूया’ म्हणाली.

मंगळवारपर्यंत दोन निकाल तयार झाले. भिंतीवर अ ला एकसष्ट सह्या होत्या, ब ला दोन, आणि ‘डेपोत लावा’ला एकही नाही. सही करून डेपोत लावायची छाती गावात कुणाला? खुद्द मारुतीरावांनी ‘अ’वर सही केली होती, वळणदार, तारखेसकट, ते दूध घालायला गेले तेव्हा आप्पा शेजारीच उभे होते म्हणे. मेलमध्ये मात्र चारशे सत्त्याऐंशी उत्तरं आली होती, वार्तेच्या इतिहासात कधी आली नव्हती इतकी, आणि त्यातली दोनशे चौदा ‘डेपोत लावा’. पुण्याची, बंगळूरची, दुबईची पोरं. दूरवर बसून धाडस फार येतं.

कार्यकारिणी पुन्हा बसली. भिंत ही ई-मेल आहे का, यावर दीड तास चर्चा झाली. अतुल म्हणाला, छापली मी, ई-मेलचीच हाय. मारुतीराव म्हणाले, गुप्त मतदानालाच शास्त्रीय आधार असतो. कुणीतरी विचारलं, मग सर, तुमची सही भिंतीवर कशी? त्यावर मारुतीरावांना महत्त्वाचा फोन आला. शेवटी ठराव झाला की दोन्ही निकालांचा आदर करण्यात यावा आणि भावकूंना योग्य वेळी सांगण्यात यावं. म्हणजे बघूया.

बुधवारी आप्पा डेअरीत गेले, आणि गुरुवारी गेले नाहीत. शुक्रवारीही किटली मनिषाच्याच हातात दिली. "गुडघा दुखतोय," म्हणाले. त्यांनी गरम पाणी पिणंही सोडलं होतं.

मनिषाला वाटलं, कुणीतरी ‘क’वर सही केली. तिनं डेअरीत जाऊन कागद पहिल्यापासून वाचला. क रिकामाच होता. ‘ड’मध्ये लोकांनी आपापले स्टॉप घालायची मागणी केली होती. आमच्या सासुरवाडीचं नाव घाला, वंटमुरीला दोन ओळी कमी पडतात, यमकनमर्डीत चहाचा उल्लेख पाहिजे. कविता कमी करायला काढलेला पोल, त्यात कविता पाऊण तासाची व्हायची वेळ आली होती. आणि अगदी खाली, भिंतीच्या ओलीपाशी, बारीक अक्षरात एक ओळ:

‘करड्याच्या मळ्याचा फाटा. तुमच्या कवितेत न्हाय. खरं हाय, तिथं तुमची गाडी थांबत नव्हती. दहावीचा गणिताचा पेपर. अक्काताई.’

अक्काताईला गावात कोण ओळखत नाही! संमेलनाची आमटी तीच करते. पहाटे चारला चूल पेटवते, तीन पातेली उतरवते आणि आप्पांची कविता लागली की पदराला हात पुसत मांडवाच्या कडेला येऊन उभी राहते. बावीस वर्षं मनिषाला वाटत होतं की तिला कविता आवडते. तिचं माहेर संकेश्वर आणि कणगल्याच्या मधल्या कुठल्या तरी मळ्यातलं, एवढंच ऐकलेलं.

मनिषाच्या मनात आलं, कागद फाडावा. सोपं होतं, ओल लागून तो अर्धा सुटलाच होता. पण रिकामी चौकट तिनंच ठेवली होती. लिहा म्हणून तिनंच सांगितलं होतं.

घरी आली तर आप्पा म्हशीपाशी बसले होते.

"वाचलीस?" त्यांनी विचारलं.

"व्हय. आप्पा, तुम्हाला म्हायती हुतं?"

"डोक्याला दोन येण्या. हातात ते लिवायचं पॅड." आप्पा म्हशीकडंच बघत होते. "निपाणीला सेंटर असायचं परीक्षेचं. रोज हात करायची. तो काय आपला स्टॉप न्हाय, आणि संकेश्वरला गाडी अशी भरायची की मलाच पाय ठेवायला जागा न्हाय. ड्रायव्हर माझ्या तोंडाकडं बघायचा. मी ‘रैट, जाऊ दे’ म्हणायचो. रोज वाटायचं, उद्या थांबवू. कधीतरी थांबवलीबी असंल. त्या दिवशी न्हाय."

"मग?"

"मग काय? पुढच्या दिवसापासनं ती दिसली न्हाय. वाटलं, संपली आसंल परीक्षा. पाच वर्सांनी लगीन होऊन आपल्याच गावात आली. मी तिला बघितलं आणि वळकलं. तिनंबी मला." आप्पांनी म्हशीच्या पाठीवरची माशी उगाचच दोनदा हाकलली. "बत्तीस स्टॉप म्हणतोय मी. बावीस वर्सं. त्या आमटीवाल्या बाईसमोर."

मनिषाला आप्पांची कीव आली आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आल्यामुळं ती उगाच म्हशीपुढं वैरण टाकायला लागली.

"कविता डेपोत लावा म्हणून सांग मारुतीरावास्नी," आप्पा म्हणाले.

तिनं सांगितलं. मारुतीरावांना इतका आनंद झाला की त्यांनी लगेच दुःख व्यक्त केलं. "परंतु त्यांना स्टेजवर बोलावू," ते म्हणाले. "शाल देऊ. आदरपूर्वक!"

संमेलनाच्या दिवशी पुण्याचे अध्यक्ष तासभर बोलले. सीमाभागातील संवेदनेबद्दल त्यांनी जे सांगितलं ते सीमाभागातल्या लोकांनी सहनशीलपणे ऐकून घेतलं. साडेबाराला शालींचं वाटप झालं. आप्पांच्या अंगावर शाल पडली, फोटो निघाला, आणि मारुतीरावांनी त्यांना हलकेच खुर्चीकडं वळवलं.

आप्पा वळले नाहीत. ते माइककडं गेले.

मांडवात टाळ्या आणि ‘टिंग टिंग’ एकदम सुरू झालं. मारुतीरावांनी घड्याळाकडं पाहिलं. मनिषा खाली पहिल्या रांगेच्या कडेला मोबाइलवर लाइव्ह धरून उभी होती.

"कविता म्हणायला आलो न्हाय," आप्पा म्हणाले. "पोलचं उत्तर द्यायला आलोय. माझ्या कवितेत एक स्टॉप कमी हाय. विसरलो म्हणून न्हाय. गाडी थांबवली न्हाय म्हणून घातला न्हाय. एका पोरीची दहावी माझ्या गाडीपायी ऱ्हायली. ती पोरगी हितं हाय. तिची मी माफी मागतोय, आणि कविता आजपासनं बंद करतोय."

टिंग टिंग थांबलं. भिंतीवरचा कागद अर्ध्या गावानं वाचलेला होता, त्यामुळं अर्धी डोकी मांडवाच्या कडेला वळली. तिथं अक्काताई उभी होती, हातात आमटीचा डाव.

मनिषाला वाटलं, ती रडेल. पण अक्काताई चिडली.

"बंद कशाला?" ती तिथनंच ओरडली. "मी बंद करा म्हणून लिवलंय काय? वाचता येत न्हाय काय मामा तुम्हाला? फाटा घाला म्हणून लिवलंय. समद्यांच्या गावाचं नाव घेतायसा, त्या होनग्याच्या म्हातारीच्या सुपारीचंबी घेतायसा. माझ्या माहेराचं का न्हाय?"

"आक्का, तिथं गाडी..."

"थांबली म्हणून घालू नका. थांबली न्हाय, तसंच घाला. माफी नको मला. माफीचं मी काय करू, आमटीत घालू?"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. अध्यक्षांनी मारुतीरावांना काहीतरी विचारलं, मारुतीरावांनी ऐकलंच नाही.

आप्पांनी माइक दोन्ही हातांनी धरला. मग त्यांनी डोळे मिटले. बेळगावपासून सुरुवात केली नाही. संकेश्वर स्टँडपासून उचललं. बावीस वर्षं पाठ असलेल्या ओळी आल्या, आणि मग एक नवी आली, अडखळत, मात्रांचा काही पत्ता नसलेली:

*करड्याच्या फाट्यावर हात केलता पोरीनं,*
*गाडी न्हाय थांबली, रैट म्हटलं मी या तोंडानं.*

मनिषा रडत होती. लाइव्हवर दुबईतल्या कुणीतरी विचारलं की कॅमेरा का हलतोय. आप्पांची कविता ऐकून ती पहिल्यांदाच रडत होती आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती.

पण पुढचं येईना. आप्पांचे ओठ हलले, थांबले. डोळे उघडून त्यांनी मांडवाकडं पाहिलं. पाठ असलेली गाडी एका नव्या ओळीनं अडली होती आणि म्होरचा स्टॉप कुठला, तेच त्यांना आठवेना. मांडवात सगळ्यांना माहीत होता, पण कुणी तोंड उघडलं नाही.

"कणगला, मामा," अक्काताई म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. "म्होरं कणगला. चला."

आप्पांनी मान हलवली, शालीच्या टोकानं तोंड पुसलं आणि कणगल्याच्या ओळीला सुरुवात केली.